हात वेगळा फिरतो, मग काय करायचं?

नेटच्या मागून : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं ओल्या विकेटवरच्या टप्प्याबद्दल, आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी गोलंदाजीच्या अॅक्शनबद्दल, म्हणजे चेंडू टाकताना हात आणि अंग कसं फिरतं त्याबद्दल. अकॅडम्यांचे प्रवेश सुरू झाले की दरवर्षी हे होतंच. पोराला नव्या सरांकडे घातलं की सर पहिल्या दिवशी हात बघतात, आणि दुसऱ्या दिवशी आईबाप माझ्याकडे येतात. यंदा त्यातलीच निवडून पाच पत्रं घेतली आहेत. पाचवं क्रिकेटचं नाही, तरी घेतलंय.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, उजव्या हाताने वेगवान टाकतो. चेंडू सोडताना त्याचं डोकं डावीकडे पडतं आणि नजर जमिनीकडे जाते. रनअपही थोडा तिरका आहे. पण विकेट मिळतात, शाळेच्या संघात यंदा सर्वांत जास्त त्याच्याच. आता नव्या अकॅडमीतले सर म्हणतात, ‘हे सगळं मोडून पहिल्यापासून बसवावं लागेल, सहा महिने मॅच बंद.’ मुलगा रडकुंडीला आलाय. व्हिडिओ पाठवतोय. काय करावं?
(एक पालक, कासारवडवली)

उत्तर : व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. तुम्ही तो बाजूने काढलाय. त्यात पुढचा गुडघा छान दिसतो. पाय टेकल्यावर तो फारसा दुमडत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण डोकं नेमकं किती पडतं ते बाजूने कळत नाही, त्यासाठी अंपायरच्या मागे उभं राहावं लागतं. जेवढं दिसलं तेवढ्यावरून सांगतो.

खाली बघून टाकणारे एक गृहस्थ तुम्हाला माहीत आहेत. जेम्स अँडरसन. चेंडू हातातून सुटतो तेव्हा साहेबांची नजर स्वतःच्या बुटांच्या आसपास कुठेतरी असते. कारकिर्दीच्या सुरुवातीलाच इंग्लंडच्या प्रशिक्षकांनी त्याची अॅक्शन सुधारायला घेतली. हेतू वाईट नव्हता. अशाने पाठ जाईल अशी भीती होती. झालं भलतंच. गोलंदाजी हरवली आणि २००६ मध्ये पाठीच्या हाडाला चीर गेली. बरा होऊन आला तो जुनीच अॅक्शन घेऊन. २०२४ मध्ये लॉर्ड्सवर थांबला तेव्हा नावावर ७०४ कसोटी बळी होते. वेगवान गोलंदाजांत इतके आजवर कोणाचे नाहीत.

हे वाचून लगेच अकॅडमीत जाऊन सरांना ऐकवू नका. दुसरी बाजूही ऐका. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीची पाठ १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात गेली. मणक्यांना चिरा पडल्या होत्या. त्याने महिनोन् महिने खपून स्वतःची अॅक्शन बदलली आणि १९७४-७५ च्या इंग्लंडविरुद्धच्या अॅशेस मालिकेत २५ बळी घेतले. त्याच मालिकेत दुसऱ्या टोकाकडून जेफ थॉमसन टाकत होता. तो गोफणीतून धोंडा सोडावा तसा हात मागून आणायचा, कुठल्याही प्रशिक्षकाने वहीत काढून दाखवला नसता असा. त्याने घेतले ३३. म्हणजे एकाच संघात, एकाच चेंडूने, एक जण दुरुस्ती करून मोठा झाला आणि दुसऱ्याला कोणी हात लावला नाही म्हणून मोठा झाला.

मग आपल्या पोराचं काय? आधी ‘बरोबर अॅक्शन’ ही काय चीज आहे ते बघू. आमच्या लहानपणी एकच अॅक्शन बरोबर समजली जायची, साइड-ऑन. मागचं पाऊल क्रीजला समांतर, डावा खांदा फलंदाजाकडे, डाव्या हाताच्या मागून बघायचं. इंग्रजांनी लिहून ठेवलं, आपण पाठ केलं. मग वेस्ट इंडीजचा माल्कम मार्शल आला. तो छाती उघडी ठेवून, समोर तोंड करून टाकायचा. ३७६ कसोटी बळी, सरासरी २१ च्या आत. त्याला चूक कोण म्हणणार? हळूहळू समोरून टाकणं, मधलं अर्धवट उघडं टाकणं, सगळंच नियमात बसवलं गेलं. पुस्तक गोलंदाजांच्या मागून चालतं, नेहमीच.

एक गोष्ट मात्र अभ्यासकांनी पक्की केली आहे, आणि ती तुमच्या मुलाच्या वयात फार महत्त्वाची आहे. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला, अशी सरमिसळ अॅक्शन पाठीला घातक असते. पाय पडतात समोर, कंबर उघडते, आणि वरून खांदे साइड-ऑन व्हायला मागे वळतात. दर चेंडूला कमरेचा मणका पिळला जातो. त्याच क्षणी पुढचा पाय जमिनीवर आदळतो आणि वजनाच्या कित्येक पट भार वर चढतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याची चीर बहुधा डाव्या बाजूला जाते. कोवळ्या हाडांत तर लवकरच.

हे घरी तपासता येतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोरडी फरशी बघा, खडूने क्रीज आखा, मुलाच्या बुटांचे तळवे ओले करा आणि चेंडू न घेता नेहमीच्या रनअपने टाकल्याची कृती करायला सांगा. ओली पावलं फरशीवर उमटतात. मागचं पाऊल बघा. ते क्रीजला समांतर असेल तर तो खालून साइड-ऑन आहे, बोटं फलंदाजाकडे असतील तर समोरून. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी मागून फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायचं आणि मागचा पाय टेकल्याच्या क्षणी खांदे कुठे आहेत ते बघायचं. पाऊल आणि खांदे एकाच दिशेला असले तर तुमच्या मुलाची अॅक्शन दिसायला कितीही वेडीवाकडी असो, पाठीच्या दृष्टीने ठीक आहे. पाऊल समोर आणि खांदे मागे वळलेले असले तर अकॅडमीतल्या सरांचं म्हणणं रास्त आहे. अशा वेळी बदल करायलाच हवा, आणि तोही बहुधा खालून, पावलापासून. वरून हात धरून वळवत बसलं तर काही होत नाही.

दुसरं, डोकं. डोकं पडतं म्हणून ते सरळ करायचं असं नाही. त्याचे वाइड कुठे जातात ते विचारा. उजव्या फलंदाजाला लेगला जात असतील तर पडणाऱ्या डोक्यामुळे चेंडूची दिशा बिघडतेय. मग डावा हात थोडा उंच आणि थोडा जास्त वेळ वर ठेवायला सांगा, रनअपचा तिरकेपणा जरा कमी करा, बास. वाइड कुठेही जात नसतील, म्हणजे खाली बघूनही तो गुड लेंथवर ठेवलेल्या रुमालाच्या आसपास टप्पा टाकत असेल, तर डोक्याला हात लावायचं कारण मला तरी दिसत नाही. तो दरवेळी तसाच पडतो, आणि शरीराने तेवढं धरून हिशेब बसवलेला असतो.

तेव्हा सरांना भेटा आणि शांतपणे विचारा, की यातलं नेमकं काय बदलायचंय आणि कशासाठी. ‘पाठ जाईल’ असं उत्तर आलं तर ऐका. ‘कोपर वळतं’ असं आलं तरी ऐका. ‘चेंडू कुठेही जातो’ असं आलं तर वही काढून मोजा. ‘असं टाकत नाहीत’ एवढंच आलं, तर नमस्कार करून बाहेर या, ठाण्यात अकॅडम्यांना तोटा नाही.

सहा महिने मॅच बंद, हे मला मुळीच पटलेलं नाही. पाठ दुखत नसेल तर तेराव्या वर्षी मॅच कशाला बंद करायची? या वयात मुलं बघता बघता वाढतात. पाय लांब होतात, रनअप बदलतो, अॅक्शन आपोआप सरकते. आज मोडून बांधलेलं पुढच्या वर्षी पुन्हा मोडेल.

आणि जाता जाता, तुम्ही विचारलं नाही तरी. अॅक्शनपेक्षा ओव्हरकडे लक्ष द्या. इंग्लंडच्या बोर्डाने कनिष्ठ वेगवान गोलंदाजांसाठी मर्यादा आखून दिल्या, त्यात तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलला, म्हणजे एका दमात, ५ आणि दिवसाला १० ओव्हर असं वर्षानुवर्षं होतं. चौदा-पंधराला ६ आणि १२. आपल्याकडे पोरगं सकाळी शाळेच्या नेटमध्ये टाकतं, दुपारी अकॅडमीत, संध्याकाळी घोडबंदर रोडच्या टर्फवर मोठ्या मुलांबरोबर, आणि रविवारी मॅच. यातलं मोजतो कोण? अकॅडमीला शाळेचं माहीत नसतं, शाळेला टर्फचं. फ्रिजवर कागद लावा, रोजच्या ओव्हर लिहा. कमरेच्या एकाच बाजूला दुखतंय, मागे वाकल्यावर जास्त दुखतंय असं म्हणाला, तर बाम चोळू नका. गोलंदाजी त्याच दिवशी थांबवा आणि खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : काका, मी बुमराची अॅक्शन कॉपी करतो. हुबेहूब जमते. मित्र व्हिडिओ काढतात, पण मॅचमध्ये मला मार पडतो. असं का?
(नववीतला गोलंदाज, कळवा)

उत्तर : कारण तू बुमराचा हात घेतलास, त्याचं कोपर तुला कुठून मिळणार? त्याचं कोपर सरळ रेषेच्याही पुढे, उलट्या बाजूला वाकतं. ती जन्माची देणगी आहे. छोटा रनअप, ताठ डावा हात, उजवा हात सरळ, आणि त्यावर ते कोपर, हे सगळं एकमेकांना धरून आहे. त्यातून एक तुकडा उचलला की राहतो फक्त अभिनय. मित्रांना आवडणारच.

शिवाय त्या अॅक्शनची किंमत त्याने मोजली आहे. पाठीच्या दुखण्याने तो कितीदा बाहेर बसला, २०२३ मध्ये न्यूझीलंडला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. एवढं करून २०० कसोटी बळी २० च्या आतल्या सरासरीने घेणारा तो जगातला पहिला. पण त्याच्यामागे डॉक्टर, फिजिओ, ट्रेनर असा ताफा असतो. तुझ्यामागे खारीगावच्या मैदानावर कोण आहे?

कॉपी करायचीच असेल तर दुसरी गोष्ट कर. लहानपणी हा मुलगा अहमदाबादच्या घरात भर दुपारी चेंडू टाकायचा. आई म्हणायची, आवाज नको. भिंत आणि फरशी जिथे मिळते त्या कोपऱ्यावर चेंडू पडला की आवाज कमी येतो, हे त्याने हेरलं आणि तिथेच टाकत राहिला. यॉर्कर असा घरात तयार झाला. मलिंगाचंही तसंच. गॉलजवळच्या किनाऱ्यावर टेनिस बॉल खेळून त्याचा हात आडवा झालेला, पण यॉर्कर शिकला तो क्रीजवर बुटांचा जोड ठेवून त्यावर नेम धरून. दोघांचे हात बघ, एकमेकांशी काही संबंध नाही. सराव मात्र सारखाच, एका बारीक जागेवर पुन्हा पुन्हा. तू तुझ्या स्वतःच्या हाताने, दहा वर्षांचा होतास तेव्हा टाकायचास तशा, महिनाभर बुटांवर टाक. मग मला लिही.

प्रश्न : मी टेनिस बॉल खेळतो, दिवा-डोंबिवली ते पनवेलपर्यंत स्पर्धांना बोलावतात. वेग चांगला आहे. मित्राने एका क्लबकडून लेदरवर खेळायला नेलं. दुसऱ्याच ओव्हरला पंच कॅप्टनला म्हणाले, ‘याला थांबवा, भट्टा टाकतोय.’ टेनिसमध्ये आजवर कोणी काही बोललं नाही. माझी स्टाइलच तशी आहे. हा अन्याय नाही का?
(चोविशीतला गोलंदाज, ऐरोली)

उत्तर : अन्याय आहे की नाही ते तुझा व्हिडिओ बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि व्हिडिओ तू पाठवला नाहीस. तेव्हा नियम सांगतो.

हात वाकलेला असणं हा गुन्हा नाही. हात खांद्याच्या रेषेला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होत गेलं तर ती फेकी, म्हणजेच तुमचा भट्टा. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २००५ पासून १५ अंशांपर्यंतची सूट सगळ्यांना सारखी आहे. त्याआधी फिरकीला ५, मध्यमगतीला साडेसात आणि वेगवानला १० अंश असं होतं. मुरलीधरनला १९९५ मध्ये मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत पंच नोबॉल देत सुटले होते. त्याचं कोपर मुळातच पूर्ण सरळ होत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फेकल्यासारखं दिसायचं. प्रयोगशाळेत मोजमाप झालं आणि तो ८०० बळींपर्यंत गेला. उलट पाकिस्तानचा सईद अजमल २०१४ मध्ये चाचणीत अडकला, कोपर सरळ करून परत आला, पण तो पूर्वीचा अजमल राहिला नव्हता. स्टाइल म्हणून सूट मिळत नाही, हे यातून घे.

टेनिसवाल्यांमध्ये हे का जास्त होतं, तेही सांगतो. चेंडू हलका असतो, हवेत मंदावतो. नुसता खांद्याने टाकला तर फलंदाज दोन पावलं पुढे येऊन डोंबाऱ्यासारखा झोडतो. मग गोलंदाज शेवटच्या क्षणी कोपराने झटका देतो, वेग वाढतो, आणि टूर्नामेंटचे पंच गावातलेच असल्यामुळे तिकडे बघत नाहीत. मी दिव्यापासून उरणपर्यंतच्या स्पर्धा पाहिल्या आहेत. त्यात दोन-चार वेगवान असे असतातच. आता टेनिसलाही मोठे दिवस आलेत. २०२४ मध्ये आपल्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल ही टेनिस बॉलची लीग झाली, टीव्हीवर दिसली. कॅमेरे आले की गावचे पंचही डोळे उघडतील.

काय करायचं? बाही वर गुंडाळ, मागून आणि बाजूने असे दोन फोन लाव, आणि सगळ्या प्रकारचे चेंडू टाक. माझा अंदाज असा, की तुझा नेहमीचा चेंडू ठीक असेल आणि बाउन्सर किंवा मुद्दाम जोरात टाकलेला यॉर्कर फेकी असेल. बहुतेकांचं तसंच असतं, जास्त जोर काढायला गेलं की कोपर दगा देतं. तसं असेल तर लेदरवर तो एक चेंडू सोडून दे आणि बाकीचे टाक. लेदरला शिवण आहे, ती तुझं काम करेल. सगळेच चेंडू फेकी निघाले तर मग चोविसाव्या वर्षी नवा हात बसवायचा की टेनिसमध्ये राजा राहायचं, हे तुझं तू ठरव. मी तुझ्या जागी असतो तर एक पावसाळा बसवून बघितला असता.

प्रश्न : पद्माकर शिवलकरांसारखी घोटीव, डोळ्यांना सुख देणारी अॅक्शन आता दिसत नाही. टी-ट्वेंटीने सगळे वेडेवाकडे झाले. तंत्राची ही हेळसांड तुम्हाला खुपत नाही का?
(एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा)

उत्तर : शिवलकरांना शिवाजी पार्कवर नेटच्या मागे उभं राहून पाहिलंय, तुम्हीही पाहिलं असणार. तीन-चार पावलं, डावा हात कानाजवळून, आणि चेंडू जणू दोरीने बांधलेला. ५८९ प्रथम श्रेणी बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. असं सगळं असून एकही कसोटी नाही, कारण त्याच वेळी त्याच हाताचा बिशनसिंग बेदी होता.

पण त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं ते आठवा. चंद्रशेखरचा उजवा हात लहानपणी पोलिओने वाळलेला. क्षेत्ररक्षणात तो चेंडू डाव्या हाताने फेकायचा. टाकायचा मात्र त्या वाळलेल्या उजव्या हाताने, लेगस्पिन म्हणावी तर मध्यमगतीच्या वेगाने. १९७१ मध्ये ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी, इंग्लंड १०१ वर गारद, आणि वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. तेव्हा टी-ट्वेंटी कुठे होतं?

वेडेवाकडे तेव्हाही होते. फरक एवढाच, की तेव्हा वेडावाकडा मुलगा नेटपर्यंत पोचला तर पोचला, नाहीतर गल्लीत राहिला. आता त्याला शोधत माणसं फिरतात. मला खुपतं ते वेगळंच. विचित्र हात फलंदाजांना कळला की पुढे काय, याचा विचार कोणी करत नाही. बोटांनी टिचकी मारून चेंडू सोडणारा श्रीलंकेचा अजंता मेंडिस आठवतो? २००८ मध्ये कराचीत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात आपल्याविरुद्ध १३ धावांत ६, मग पहिल्याच कसोटी मालिकेत तीन कसोटींत २६ बळी. द्रविड-लक्ष्मणला बोटं कळेनात. पुढे व्हिडिओवर बोटं कळली, आणि गोष्ट संपली. शिवलकरांची अॅक्शन पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलेली होती, आणि तरी पुढची पंचवीस वर्षं कोणाला खेळता आली नाही. नेरुळच्या मैदानावर मिस्टरी स्पिनर म्हणून मिरवणाऱ्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा ती मोबाइल बघत असतात, ती गोष्ट वेगळी.

प्रश्न : तुमचा विषय नाही, तरी विचारतो. आमच्या कंपनीत दरवर्षी बोलिंगची स्पर्धा असते, मॉलमधली, पिन पाडायची. मी दोन्ही हातांनी चेंडू सोडतो. सगळे हसतात, म्हणतात लहान मुलांसारखं टाकतोस. आमच्यातला एक जण तर म्हणतो, नियमात बसत नाही. खरं काय?
(आयटीतला नोकरदार, महापे)

उत्तर : विषय माझा नाही खरा, पण भाच्याच्या नादाने थोडाफार कळायला लागलाय. आणि गंमत बघा, तिथेही भांडण हेच आहे.

ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टे, न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज गावचा. आईवडिलांचं बोलिंग सेंटर होतं. धड चालायला लागलेलं पोर, चेंडू उचलत नाही, म्हणून दोन्ही हातांनी ढकलायला लागलं. मोठं झाल्यावर सगळ्यांनी सांगितलं, आता एका हाताने टाक. त्याने ऐकलं नाही. आज अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत सर्वांत जास्त १५ मुख्य विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. तेव्हा हसणाऱ्यांना हे नाव सांगा.

नियमाचं म्हणाल तर अधिकृत स्पर्धांत हे चालतं. नीट बघितलं तर चेंडू सुटतो एकाच हातातून. मधली दोन बोटं भोकात, अंगठा बाहेर, आणि दुसरा हात शेवटपर्यंत आधाराला. अंगठा नसल्यामुळे मनगट चेंडूच्या खाली राहतं आणि गरका जबरदस्त बसतो. पट्टी ६० फुटांची, आपल्या खेळपट्टीपेक्षा सहा फुटांनी आखूड. पुढच्या भागावर तेल असतं, तिथे चेंडू घसरत जातो. तेल संपलं की पकड घेतो आणि आत वळतो. उजव्या हाताच्या खेळाडूने पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या फटीत तो तिरका घुसवला की दहाही पिना पडायची शक्यता वाढते. लेगस्पिनरला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

मात्र एक अडचण आहे, ती तुमच्या लक्षात आली असेल. मॉलमध्ये रॅकवर ठेवलेले चेंडू गुळगुळीत प्लास्टिकचे असतात, ते फारसे वळतच नाहीत. बेलमॉन्टेचा फायदा त्याच्या स्वतःच्या, पकड घेणाऱ्या चेंडूने वाढतो. रॅकवरच्या चेंडूने दोन हातांचा गरका देऊनही तो बराचसा सरळच जाणार. त्यामुळे तुमचं भलं झालं तर ते अचूकपणामुळे होईल, वळणामुळे नाही. उगाच जोर लावू नका. पहिल्या चेंडूला दहाच्या दहा पाडण्याच्या नादात कंबर वाकडी करणारे मी भाच्याच्या ग्रुपमध्ये पाहिलेत. पुढे वाकून, एका बाजूला झुकून टाकण्यात पाठ आणि गुडघ्यावर ताण येतो, आणि तुम्ही दिवसभर खुर्चीत बसणारे. महिनाभर आधी थोडं चालणं, थोडे स्क्वॅट्स करा, हलका चेंडू निवडा, आणि स्पर्धेच्या आयोजकांना आधीच विचारून ठेवा की कंपनीने स्वतःचे काही वेगळे नियम केले आहेत का. कॉर्पोरेट स्पर्धांत कोण काय नियम करेल सांगता येत नाही.